आखाजीतली काचेची होडी

आखाजी जवळ आली की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना आता त्याची सवय झाली आहे. जळगावचे रस्ते सकाळी अकरालाच ओस पडू लागले, मेहरूणच्या कोपऱ्यावर डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, हातगाड्या उभ्या राहिल्या, की आमचे हे मुलाला हळूच सांगतात, "आता थोडे दिवस आईच्या वाटेला जाऊ नकोस." शहाणा माणूस आहे. यंदा मात्र त्यांनाही काही करता आलं नाही, कारण ठिणगी फोनमधून पडली.

माझ्या मामेभावाची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती मैत्रिणींबरोबर अंदमानला गेली होती. तिथे म्हणे तासावर होडी भाड्याने मिळते, अख्खी पारदर्शक. आपण पाण्यावर बसलोय की हवेत, तेच कळत नाही. पोरगी त्यात बसून वल्हं मारतेय, खाली निळं पाणी, मासे, मागे नारळाची झाडं असलेलं बेट. फोटोखाली तिने लिहिलं होतं, "पाण्याखालचं सगळं दिसतं!" घरच्या ग्रुपवर लगेच अंगठे आणि बदाम सुरू झाले. मी फोन सोफ्यावर आपटला. हे म्हणाले, "अगं, पोरगी मजा करतेय. तुझं काय बिघडलं?"

पोरीचं काहीच चुकलं नाही, एवढं मलाही कळतं. समुद्रातले मासे बघायला मिळत असतील तर बघावेत. पण तिच्या आजोबाकडे, म्हणजे माझ्या धुडकूमामाकडे, एक काचेची होडी होती आणि लोक ती भाड्याने घेऊन पाण्याखालचं बघायला जायचे, हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात ती गोष्ट कोणी काढत नाही. काढली की जेवण राहतं ताटात. आज मी काढते.

ज्यांना आखाजी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही अक्षय तृतीयेला सोन्याच्या दुकानात रांग लावता, तीच ही. खानदेशात ती सासुरवाशिणीची दिवाळी. भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येतो. माहेरी झोके बांधलेले असतात, खापरावरचे मांडे असतात, आंब्याचा रस असतो, बाप्ये ओट्यावर पत्ते कुटत बसलेले असतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. वैशाखाच्या तोंडावर मेलेल्यांनाही तहान लागत असणार, असं आमच्याकडच्या कोणाला तरी वाटलं असावं. मला ही कल्पना लहानपणी फार आवडायची.

आईचं माहेर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाचं आणि धरणाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे जण पुढच्या रविवारी डबे भरून निघतील. मला तेच नको आहे.

गाव काही चित्रात काढण्यासारखं नव्हतं. मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं, आत भर दुपारी गारवा. मोहाची फुलं अंगणात वाळत घातलेली असायची आणि त्यांचा गोड, डोक्यात जाणारा वास अंथरुणालाही यायचा. आजीच्या घराच्या ओसरीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. त्याच्या काठावर बसून आम्ही पोरं कैऱ्या खायचो आणि आजी मुसळ हातात घेऊन म्हणायची, "उठतस का कांडू तुम्हले?" गावाला लागून नदी, नदीपलीकडे दुसरं गाव. आखाजीला दोन्ही गावच्या पोरी आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालायच्या. ही आमच्याकडची रीतच. वर्षातून एक दिवस बायकांनी घसा फाटेस्तोवर शिव्या द्यायच्या आणि कोणी रागवायचं नाही. माझी आई लग्नाआधी त्यात एक नंबर होती म्हणे. माझा राग मी काही बाजारातून आणलेला नाही.

मी शाळेत असताना धरणात पाणी अडलं आणि गाव उठलं. लोकांनी दारं काढून नेली, खांब, तुळया, देव, सगळं बैलगाड्यांवर घातलं. उखळ मात्र जागेवर राहिलं, कारण पुरलेलं उखळ कोणी उपटत नाही. नव्या जागी सरकारने पत्र्याच्या शेडांची रांग उभी केली होती. पक्की घरं होईपर्यंत इथे राहा, नळ येतोय, असं सांगितलं होतं. नळ आला, तो नुसता नळ होता. खांबावर तोटी बसवलेली, तोटीत वारा. नदीकाठी जन्म काढलेली माणसं दोन-दोन मैलांवरून डोक्यावर पाणी आणायला लागली आणि टेकाडावरून पाहिलं की खाली नजर पोचेल तिथवर धरणाचं पाणी चमकत होतं. त्याच पाण्याला त्यांना हात लावायला मनाई होती. हे लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पहिल्याच उन्हाळ्यात आजी गेली. दुपारी पत्रा असा तापायचा की त्याच्याखाली भाकरी वाळत ठेवली तर कडकडून मोडावी. मामा पाणी आणायला गेला होता. आजी शेजारणीकडे पाणी मागत होती आणि शेजारणीच्याही हंड्यात नव्हतं. मामा परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. आईला निरोप जळगावला पोचला तेव्हा चिता विझली होती. आई रडली नाही. तिने घरातलं पाण्याचं पिंप घासायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत घासत बसली.

त्यानंतर दरवर्षी आखाजीला मामा जळगावला मुराळी म्हणून यायचा. आई त्याच्यापेक्षा बरीच मोठी. मधली भावंडं जगली नाहीत म्हणून याला नजर लागू नये, यासाठी धुडकू नाव ठेवलेलं, आणि आईनेच त्याला कडेवर वाढवलेलं. उंबऱ्यात उभा राहून, टोपी हातात घेऊन तो म्हणायचा, "अक्का, चाल. आखाजी शे."

"कोठे?"

"माहेरले."

"मन्हं माहेर पाण्यामा शे. तू माले पत्रासमा लई जाशी."

मग ती त्याला पोटभर जेवू घालायची, वाटेसाठी शिदोरी बांधून द्यायची आणि एकट्याला परत पाठवायची. पुढे पत्र्यांच्या जागी विटांची घरं आली, तरी आईच्या तोंडी ते "पत्रे"च राहिले. माझे वडील सांगून थकले. "अगं, भाऊ आहे तिथे, म्हणजे माहेर तिथेच." वडील स्वभावाने गरीब. त्यांना वाटायचं, समजूत घातली की माणूस समजतो.

आणि मग नव्वदच्या आसपास, मी कॉलेजात असताना, मामा आला तो डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. नव्या जमिनीत दगडांशिवाय काही उगवत नव्हतं, म्हणून त्याने शिरपूरच्या एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकून घेतलं होतं. तिथे त्याने पत्र्याची होडी बनवली होती. होडीच्या तळाला मधोमध चौकोन कापून त्यात दुकानाच्या दर्शनी कपाटाची जाड काच बसवली, काचेखाली लोखंडी पट्ट्या, कडेने डांबर. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, संथ आणि नितळ होतं, वारा पडलेला असेल तर सकाळच्या वेळी गाव दिसतं. आता पाण्यावर जायला कोणी अडवत नाही, जवळपासची माणसं होडी भाड्याने घेतात म्हणाला. आमच्या गावाशेजारची गुरं बसायची टेकडी आता बेट झाली होती, तिथवर सहल जाते म्हणाला. आई भाकरी थापत होती.

"आवंदा आपलं घर दखाडस तुले, अक्का," तो म्हणाला. "काचमाईन बठ्ठं दिखस." काचेतून सगळं दिसतं.

आईने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. मग मला म्हणाली, "पिशवी भर."

एस.टी.ची ती खिडकी मला आठवते, तिच्या लोखंडाला हात लागला की चटका बसायचा. चोपड्याच्या स्टँडवर मामाने आईसाठी रसाचा ग्लास आणला. आई एवढी बोलतेय हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. कोणाच्या झोक्याची दोरी तुटली होती, पलीकडच्या गावच्या कोणत्या पोरीने कसली शिवी दिली होती, सगळं हसत हसत. मामाही हसत होता. इतकी वर्षं माझी आई ही एक अर्धी बाई होती आणि उरलेली अर्धी चोपड्याच्या पुढे कुठेतरी बसमध्ये चढली, असं मला वाटत राहिलं. त्या रात्री ती "पत्र्यां"मध्ये राहिली, मामीच्या हातचं जेवली, एक शब्दही टोचून बोलली नाही. सकाळी आखाजी. मामाने अंघोळ करून आजीच्या नावाची घागर भरली, वर डांगर ठेवलं, आणि आम्ही काठाकडे निघालो. आईने नवं लुगडं नेसलं होतं, मामाने घेतलेलं.

काठावर धुळ्याचं एक कुटुंब उभं होतं. सफारी घातलेले साहेब, गळ्यात कॅमेरा. त्यांच्या बाई, बाईंची बहीण, आणि एक मोठं पातेलं, वर फडकं बांधलेलं. आमरस होता त्यात. बेटावर जेवायचा बेत होता. मामाने त्यांना आधी बसवलं, मग आम्हाला. सणाचा दिवस, गिऱ्हाईक कसं सोडायचं, म्हणून त्याने दोन्ही कामं एकाच फेरीत बसवली होती. आईच्या चेहऱ्यावरची चमक मी उतरताना पाहिली. तरी ती चढली. आपल्या घरी जायला दुसरी वाटच नव्हती.

ती माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मला कधीच विसरता आलं असतं. त्यांनी आईला सावलीची जागा दिली, मला बिस्कीट दिलं. होडी निघाली तसे सगळे काचेभोवती वाकले. पाणी हिरवट होतं, पण तळ दिसत होता. मातीच्या भिंती पहिल्याच पावसाळ्यात विरघळून गेल्या होत्या. उरली होती ती घरांची दगडी जोती, गल्लीतल्या फरशा, झोका बांधायच्या कडुलिंबाचं बुडखं. एवढंच. आई बोटाने काचेवरून एकेक घर सांगत होती, मला, हळू आवाजात. आम्ही गल्लीतून चाललो होतो आणि ती गल्ली तिच्या पायांना पाठ होती.

साहेबांनी विचारलं, "नुसते दगडच आहेत का हो?"

हा प्रश्न त्या होडीत त्यांनीच पहिल्यांदा विचारला असेल असं मला वाटत नाही. मामाने मला पुढे एकदा सांगितलं की सुरुवातीला तो सगळं खरं सांगायचा. हे अमक्याचं घर, ही चावडी. लोक जांभया द्यायचे, बेटावर कधी पोचणार विचारायचे. कोणी बुडालं नाही का, भूतबीत नाही का, असं विचारायचे. दगडांना गिऱ्हाईक नसतं. मग त्याने लोकांना हवं ते द्यायला सुरुवात केली. हे मी त्याची बाजू म्हणून सांगते, माझी नव्हे.

मामाने वल्हं थांबवलं. होडी आजीच्या घरावर आली होती. ओसरीच्या जागी उखळाचा गोल काळा खळगा स्पष्ट दिसत होता. आईने श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. आणि मामा त्याच्या ठेवणीतल्या शहरी मराठीत बोलायला लागला.

"आता हे नीट बघा, साहेब. इथे एक म्हातारी होती. सगळं गाव उठलं, ती उठली नाही. पाणी चढत आलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, तरी उखळाशी बसून कांडत होती. तशीच बुडाली. आजही पुनवेला पाण्यातून मुसळाचा आवाज येतो."

"अगं बाई!" साहेबांच्या बाईंनी गालावर हात ठेवला. बहीण म्हणाली, "अंगावर काटा आला." साहेबांनी कॅमेरा उघडला आणि काचेवर रोखला.

पुढचं सांगण्याआधी थांबते, कारण याच जागी लोक मला म्हणतात, एवढं काय त्यात, मामाने चार बढाया मारल्या असतील. माझ्या मुलानेही एकदा म्हटलं, "आई, टूरिझममध्ये स्टोरी लागतेच." लागते ना. पण मग कोणाची घ्यायची, ते तरी विचारा. पाण्यावाचून मेलेल्या बाईला पाण्यात बुडवून मारायचं आणि तेही अशा ऐटीत, की जणू तिनेच हौसेने मरण निवडलं! बुडालेली म्हातारी ऐकायला छान वाटते. तिच्यात कोणाचा दोष नसतो. तोटीत वारा सोडणारे सुटतात, पत्रे ठोकणारे सुटतात, आणि होडीत बसलेल्यांना काटा येऊन जातो तेवढा. माझा राग त्या काट्यावर आहे.

ती होडी आता नाही. त्या मोसमानंतर मामाने काच काढून टाकली, तळाला पत्रा ठोकला आणि पुढे मासे धरणाऱ्या कोणाला तरी देऊन टाकली. आई पुन्हा तिथे गेली नाही. मामा मात्र शेवटपर्यंत आखाजीला येत राहिला, काखेत डांगर घेऊन, आणि आई त्याला जेवू घालत राहिली. दोघांनी त्या सकाळचा शब्दही परत काढला नाही. मी त्या दोघांसारखी नाही. मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

तर साहेबांनी कॅमेरा रोखला आणि आई उठली. होडी डुचमळली, बाईंनी पातेलं घट्ट धरलं. आईने लुगडं सावरलं, दोन पावलं टाकली आणि त्या काचेवर सरळ मांडी घालून बसली. नव्या लुगड्याचा घेर चारी बाजूंनी पसरला. खालचं उखळ झाकलं, जोतं झाकलं, सगळं झाकलं.

"अक्का, ऊठ! काच फुटी जाई!" मामा ओरडला.

"फुटू दे."

"काय करी राह्यनी तू? लोके बठेल शेतस."

"अहो, आम्हाला काही दिसत नाहीये," साहेब म्हणाले, तसं नम्रपणेच.

आई त्यांच्याकडे वळली. जळगावात शिकलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "दिसण्यासारखं काही नाही. आमचं घर आहे. लोकांच्या घरात वाकून बघू नये."

मग मामाकडे. "सांग त्यासले. आपली माय कशी मरनी ते सांग."

मामाचं तोंड उतरलं. "अक्का, नुसता दगडस्ले कोन देखस? पोट ते भरनं पडस ना."

"सालमा एक दिन तिना नावनी घागर भरस, आनि बाकीना दिन तिले बुडावस. लाज वाटस नही तुले? खरं सांग, नही ते मी उठस नही."

वाऱ्याची एक झुळूक आली आणि पाण्यावर सुरकुत्या पडल्या. वल्ह्यावरून थेंब गळत होते. मामा मान वर न करता म्हणाला, "माय बुडनी नही. पत्रासना खाले मरनी. उनमा. पाणी मांगता मांगता."

"काय म्हणाला तो?" साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं. ती या दोघांची आई होती, माझी आजी होती. बुडाली नाही. तिकडे वर टेकाडावर, पत्र्याच्या शेडमध्ये, तहानेने मेली. माझा आवाज चढला होता, आणि चढू दिला मी.

साहेबांनी कॅमेरा मिटला. त्यांच्या बाई हळूच बहिणीला म्हणाल्या, "म्हणजे ते मुसळाचं खरं नाही?" त्यांच्या आवाजात निराशा होती. बाजारातून आणलेलं डांगर कापल्यावर फिकं निघावं, तेवढीच.

मामाने वल्हं आडवं ठेवलं. होडीत त्याचा पाणी उपसायचा तांब्या होता, तो त्याने काठावरून वाकून भरला आणि आईपुढे धरला.

आईने घेतला नाही. ती उठली, काचेवरून बाजूला झाली, आणि म्हणाली, "माले नको. तिले दे. तव्हय तिले भेटनं नही."

मामा गुडघ्यांवर बसला. उखळ जिथे दिसत होतं तिथे, काचेवर, त्याने तांब्या हळूहळू रिता केला. मग पुन्हा भरला आणि पुन्हा रिता केला. माय, पी, एवढंच म्हणत होता. पाणी काचेवरून कडेला वाहत गेलं, आणि धुळ्याच्या पाहुण्यांनी चपला भिजू नयेत म्हणून पाय वर उचलून घेतले.